टाइल्सची चौथी ओळ : जुळे सोलापुरातला एक स्विमिंग पूल बुजवताना

२०२१ च्या ऑक्टोबरात आमच्या गणिताच्या सरांचा फोन आला. "अरे, घरामागचा तो हौद बुजवायचाय. एक मुकादम म्हणतोय चार दिवसांत करतो. तू एकदा बघून जा." सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांनी 'बघून जा' म्हटलं की मला आजही फळ्यापुढं उभं केल्यासारखं वाटतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी गेलो.

जुळे सोलापुरातला ४० बाय ८० फुटांचा प्लॉट. पुढं बारा फूट मोकळी जागा, मग ३२ फूट रुंद आणि ३५ फूट लांब बैठं घर. दोन्ही बाजूंना चार-चार फुटांचे बोळ आणि मागं ३३ फुटांचं परस. त्या परसात स्विमिंग पूल, आतून २४ फूट लांब आणि १२ फूट रुंद. घराकडच्या टोकाला खोली साडेतीन फूट, मागच्या कंपाऊंडकडं उतरत साडेसहा फूट. आधीचा मालक सुताचा व्यापारी होता. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो म्हणून हौसेनं बांधलेला. सरांच्या घरी नातवंडांनी दोन-तीन उन्हाळे डुंबून घेतलं, पुढं पंप बिघडला आणि हौद तसाच राहिला.

सोलापुरात या हौसेचा हिशेब कसा बसतो, तेवढं सांगतो. सरासरी खोली पाच फूट धरली तर १,४४० घनफूट, म्हणजे चाळीस हजार लिटरच्या वर पाणी. दहा हजारी चार टँकर. तेव्हा नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येणाऱ्या गावात. उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडतं असं धरलं तरी रोज अडीचशे लिटरहून जास्त नुसतं हवेत जातं.

बुजवायचं निमित्त मात्र डेंग्यूचं झालं. गल्लीत दोघं आजारी पडले, महापालिकेच्या आरोग्य विभागाची माणसं घरोघर भांडी तपासत आली आणि हौदात डोकावून थबकली. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. त्यांनी डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले आणि "हे काय कायमचं नाही, बघा" असं सांगून गेले. सरांच्या सूनबाईंना तेवढं पुरे होतं. घरात दीड वर्षाचं मूल नुकतंच पळायला लागलं होतं.

मुकादमाचा प्लॅन आणि सरांचा प्लॅन

मुकादम माझ्या आधीच येऊन कठड्यावर बसला होता. त्याचं म्हणणं सोपं. "ओ साहेब, वरची दोन फूट भिंत फोडतो, राडारोडा आतच ढकलतो. सैफुलला एका बिल्डिंगचं पायाचं खोदकाम चालू हाय, काळी माती फुकट मिळायलीय. वरनं टाकली की झालं. दोन पावसात बसतंय की."

सरांच्या डोक्यात वेगळंच होतं. "एवढा बांधलेला हौद बुजवायचा कशाला? वर स्लॅब टाकू, गच्चीचं पाणी आत घेऊ. चाळीस हजार लिटर! उन्हाळाभर टँकरची भानगड नाही." सोलापूरकराच्या तोंडी हे वाक्य अगदी शोभतं आणि गणित म्हणूनही ते चुकीचं नव्हतं. अकराशे-वीस चौरस फुटांची गच्ची, ५०० मिलिमीटर पाऊस धरला आणि थोडी तूट सोडली तर पंचेचाळीस हजार लिटर सहज येतं. गंमत म्हणजे ते आधीपासूनच येत होतं. 'पाणी वाया जायला नको' म्हणून सरांनी काही वर्षांपूर्वी गच्चीचा पाईप हौदात सोडला होता.

मी शिडी लावून खाली उतरलो. खोल टोकाला गुडघ्याच्या वर हिरवं पाणी, त्यात गप्पी मासे. मागच्या भिंतीवर सहा-सहा इंची निळ्या टाइल्स. तळापासून चौथ्या ओळीच्या जरा वर एक पांढरट, क्षार चढलेली रेघ सगळ्या भिंतीवरून सरळ गेलेली होती, पाणसळ लावून मारल्यासारखी. त्या रेघेच्या वरच्या टाइल्स धुळीनं मळलेल्या, पण कोरड्या.

सरांना विचारलं, "पावसाळ्यात पाणी किती वर येतं?"

"एवढंच. कितीही पाऊस होऊ दे, त्या रेघेच्या वर जात नाही. दोन दिवस चढलेलं दिसतं, मग परत तिथंच."

इथंच सगळं प्रकरण उलगडलं. चौथ्या ओळीपर्यंतच्या उतरत्या तळात पाणी मावतं सहा हजार लिटरच्या आसपास. गच्ची जवळजवळ १०४ चौरस मीटर, म्हणजे साठ मिलिमीटरच्या एका पावसात तेवढं भरतं. पंचेचाळीस हजार येतंय, सहा हजार राहतंय. काही उडतंय, ठीक. उरलेलं जातंय कुठं?

रेघेच्या पातळीवर तळ शोधत गेलो. घराकडच्या भिंतीपासून सात फुटांवर, तळाच्या आडवा एक सांधा सापडला. बांधताना काँक्रीट तिथं थांबवून दुसऱ्या दिवशी पुढं टाकलेलं असणार. टाइल्समधला सिमेंटचा भरणा निघून गेला होता आणि फटीत खिशातलं एटीएम कार्ड अर्धं आत गेलं. पाणी या सांध्याच्या वर चढलं की खालच्या मातीत जात होतं. आणि सांध्यापासून स्वयंपाकघराची भिंत तेरा फुटांवर.

वर आलो आणि सूनबाईंना म्हटलं, स्वयंपाकघराचं मागचं दार जरा लावून दाखवा. त्या हसल्या. "पावसाळ्यात ते लागतच नाही दादा. दर वर्षी सुताराला बोलावून तासून घेतो, मग उन्हाळ्यात फट पडते." दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग छताकडं गेली होती. तिला दोनदा पुट्टी भरलेली होती.

जमिनीत काय होतं

सोलापूरची जमीन दख्खनच्या बेसाल्टवरची. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग खडक. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. एप्रिलमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच्यामुळं. अख्खं घर सारखंच वर-खाली झालं तर भिंती बऱ्यापैकी निभावतात. घराचा एकच कोपरा भिजला आणि बाकीचं कोरडं राहिलं की भिंत फाटते. सरांच्या घराचा मागचा कोपरा हौद भिजवत होता, दर पावसाळ्यात, कुणाच्या नजरेला न येता.

अंदाजावर काम करायचं नव्हतं म्हणून पाणी उपसून तळाला दोन ठिकाणी भोकं पाडली, एक खोल टोकाला आणि एक घराकडं. खोल टोकाला स्लॅबखाली थेट पिवळसर कडक मुरूम लागला. भोकात बादलीभर पाणी ओतलं, चहा होईपर्यंत ते उतरलं. घराकडच्या टोकाला स्लॅबखाली दीड फूट काळी माती निघाली, ओली, साबणासारखी. तिथली बादली संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी.

पूल बुजवायच्या दोन रीती सगळीकडं चालतात. एक, सगळं काँक्रीट काढून टाकायचं आणि खड्डा भरायचा. महाग, पण पुढं वर बांधकाम करायचं असेल तर हीच. दुसरी, भिंतींचा वरचा दोन-तीन फुटांचा भाग फोडायचा, तळाला भोकं पाडायची म्हणजे पाणी खाली जाईल आणि बाकी सांगाडा तिथंच गाडून वर भराव करायचा. स्वस्त, पण पुढं वर बाग किंवा पार्किंग, याच्या पलीकडं काही नाही. भोकं न पाडता भरलं तर काय होतं हे वेगळं सांगायला नको. सिमेंटच्या घमेल्यात माती भरून पावसात ठेवा आणि बघा.

मुकादमाचा प्लॅन या दुसऱ्या रीतीचाच गरीब भाऊ होता, त्यात भराव काळ्या मातीचा. हौदभर फुगणारी माती घराला लागून ठेवायची, खाली राडारोड्याच्या पोकळ्या ठेवायच्या आणि फुकट मिळाली म्हणून खूश व्हायचं. सरांना म्हटलं, सर, ती माती तुम्हाला पैसे देऊन टाकली तरी नको.

पण दुसरी रीत पुस्तकाप्रमाणं केली तरी इथं बसत नव्हती. घराकडच्या टोकाला भोकं पाडली की पाणी काळ्या मातीतच जाणार, जे आजवर फटीतून जात होतं ते आता राजरोस. आणि पूर्ण काढायचं म्हटलं तर खोल टोकाची मागची भिंत आडवी येत होती. तिच्यापासून तीन फुटांवर शेजाऱ्यांची दगडी कंपाऊंड भिंत, तिचा पाया जेमतेम दोन फूट. साडेसहा फूट खोल भिंत काढली असती तर दगडी भिंत आमच्या खड्ड्यात आली असती आणि तिच्यामागची पत्र्याची शेडही.

म्हणून हौद मधोमध वाटून घेतला. घराकडचा अर्धा भाग पूर्ण काढायचा, तळासकट, आणि खालची काळी माती मुरूम लागेपर्यंत उपसायची. खोल टोकाच्या अर्ध्याचा वरचा तीन फूट भाग फोडायचा, तळ जागच्या जागी ब्रेकरनं तडकवायचा आणि भिंती खाली तशाच ठेवायच्या. वर खोली काढायचा विचार सोडून द्या, हे सरांच्या मुलाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं. तो थोडा हिरमुसला. घराच्या नकाशावर गाडलेल्या भिंतींची जागा मापं टाकून लाल पेनानं काढली आणि एक प्रत घराच्या कागदपत्रांत ठेवायला दिली. उद्या घर विकलं तर घेणाऱ्याला कळलं पाहिजे.

टाकीचा सरांचा आग्रह यानंतर सुटला. सांधा दुरुस्त करता आला असता, पण खोल भागात सळयांचा गंज टाइल्सच्या मागून फुगून आला होता आणि बारा फूट रुंदीवर नवा स्लॅब टाकायचा तर नवी टाकी बांधल्याएवढाच खर्च. शिवाय परत गळली तर परत तोच कोपरा भिजणार. "म्हणजे मीच माझं घर भिजवत होतो," सर म्हणाले. मी काही बोललो नाही.

काम

संक्रांत झाली की सुरुवात, आणि मृगाच्या आत आवरायचं, असं ठरवलं. पावसात उघडा खड्डा ठेवणं म्हणजे भिंती आत ओढून घेणं. रिकामा पूल भर पावसात खालच्या पाण्यानं वर उचलला जाऊ शकतो ही भीतीही असते. सोलापुरात ती कमी, पण असते.

चार फुटांच्या बोळातून जेसीबी जात नाही. पूर्वेचा प्लॉट मोकळा होता आणि मालक पुण्यात. फोनवर ते लगेच 'हो' म्हणाले, तरी मी कागदावर लिहून घेतलं. मधली भिंत दहा फूट उघडणार, काम झाल्यावर तशीच बांधून देणार, त्यांच्या जागेत एक पाटीही राडारोडा पडणार नाही. फोनवरचा होकार चांगला, सहीचा अजून चांगला. झोन कार्यालयात कामाचं पत्र दिलं आणि राडारोडा कुठं टाकायचा ते विचारून घेतलं. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या नियमांनुसार बांधकामाचा कचरा वेगळा ठेवून नेमल्या जागी पोचवणं ही ज्याचा कचरा त्याची जबाबदारी होती. रात्री डंपर नाल्याच्या कडेला उलटा करणारे आपल्याकडं कमी नाहीत, म्हणून डंपरच्या मागं आमचा एक पोरगा मोटारसायकलवर पाठवला.

पहिल्या ब्रेकरच्या आधी एक गोष्ट घडली. भिंतीत पाण्याखालच्या दिव्याचा एक खोका होता, काच फुटलेला. सर म्हणाले त्याला कित्येक वर्षं वीज नाही. वायरमननं टेस्टर लावला आणि तो पेटला. पंपाची लाईन बंद होती, दिव्याची मात्र बागेतल्या दिव्यांच्या बटणावर जोडलेली आणि ते बटण अर्धवट तुटून चालू अवस्थेत अडकलेलं. मुलं त्या हौदात क्रिकेट खेळत होती. लाईन मीटरजवळच तोडली, वायर पाईपमधून ओढून बाहेर काढली आणि मगच कामाला हात लावला.

फोडकाम सहा दिवस चाललं. निघालेलं काँक्रीट मोजमापानं पावणेतीन ब्रासच्या आसपास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), साधारण एकोणीस टन. फुटल्यावर ते फुगून चार ब्रास झालं. सळया भंगारवाल्यानं नेल्या. मुकादमानं शेवटपर्यंत "तुकडे आतच टाकू की ओ" चालू ठेवलं. मी एकही तुकडा खड्ड्यात जाऊ दिला नाही, असं मला त्या वेळी वाटत होतं.

काळी माती घराकडच्या टोकाला अडीच ब्रास निघाली. तिच्याखाली कुदळ खणखणली तेव्हा थांबलो.

खोल टोकाच्या तडकवलेल्या तळावर नऊ इंच डबर, म्हणजे मोठे फोडलेले दगड, त्याच्यावर बारीक खडी, त्याच्यावर जिओटेक्स्टाइल कापड. कापड यासाठी की वरचा बारीक मुरूम डबराच्या पोकळ्यांत झिरपून भराव खचू नये. मग मुरूम, रॉयल्टीच्या पावतीसकट आलेला, दोन ब्रासच्या अकरा खेपा. भरावाचा मुरूम सुटा मोजून घेतात आणि दाबला की तो पाऊण होतो. हे न कळल्यानं मालक आणि ठेकेदार यांच्यात दर साईटवर भांडण होतं, म्हणून खेपांचा हिशेब आधीच लिहून दिला होता.

आठ-आठ इंचांचे थर. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून प्लेट कॉम्पॅक्टर या दाबयंत्राच्या फेऱ्या, भिंतीच्या कडेला आणि कोपऱ्यात रॅमर, म्हणजे यंत्राचा धुमस. जेसीबीचं बकेट आपटून 'दाबलं' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. बकेटनं वरचे चार इंच घट्ट होतात, खालचा तसाच राहतो. पाणी किती, हा प्रश्न मुरूमाच्या भरावात सगळ्यांत नाजूक. कमी पडलं तर कण सरकत नाहीत, जास्त झालं तर चिखल. प्रयोगशाळेतला आकडा वेगळा, साईटवर मी मूठ बघतो. मुठीत दाबला की गोळा व्हावा, बोटानं टोचला की दोन-तीन तुकड्यांत फुटावा आणि तळहात ओला होऊ नये. तिसऱ्या आणि सातव्या थरावर वाळू भरून घनता मोजण्याची चाचणी केली, प्रॉक्टरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत दाबून मिळणाऱ्या जास्तीत जास्त घनतेच्या, ९५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवून. सातवा थर पहिल्यांदा कमी भरला, उकरून परत दाबला.

शिंपडायला पाणी कुठलं? पहिल्या दिवशी उपसलेलं ते हिरवं पाणी दोन पिंपांत आणि एका ताडपत्रीच्या डबक्यात भरून ठेवलं होतं. मासे सूनबाईंनी आधीच बादलीतून शेजारच्या विहिरीत सोडले. पहिले चार थर त्याच पाण्यावर निघाले.

वरचा एक फूट काळ्या मातीचा. तिथं तिचं काम बागेचं, आणि एवढ्या थराचं फुगणं कुणाला त्रास देत नाही. घरापासून दूर, पन्नासाला एक असा उतार. स्वयंपाकघराच्या भिंतीलगत तीन फूट फरशी. गच्चीचा पाईप वळवून दोन हजार लिटरच्या दोन टाक्यांत, आणि त्यांचं जादा पाणी बोळातून पुढच्या गटारीकडं. चाळीस हजारांच्या जागी चार हजार. सरांनी टाकीवर खडूनं आकडा लिहून ठेवला, तो पावसानं धुतला जाईपर्यंत होता.

चौकटीवरच्या भेगेवर मी काचेच्या दोन पट्ट्या प्लास्टरनं चिकटवल्या आणि खाली तारीख टाकली. भेग हलली की काच तडकते.

सप्टेंबरातला खड्डा

सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरात. २०२२ च्या सप्टेंबरात एका सकाळी सरांचा फोन. "अरे, कोपऱ्यात जमीन बसलीय. गुडघा जातोय."

हौदाची जागा ठणठणीत होती. बसली होती ती पूर्वेच्या कोपऱ्यातली चार बाय चार फुटांची जागा, जिथं जुना फिल्टर आणि पंप होता. तो खड्डा बुजवायचं काम शेवटच्या दिवशी झालं आणि त्या दिवशी मी अक्कलकोट रोडला दुसऱ्या साईटवर होतो. उकरलं तर वर वीतभर माती आणि तिच्याखाली काँक्रीटचे तुकडे, एकावर एक, मध्ये मूठ जाईल एवढ्या पोकळ्या. मुकादमानं आपला हट्ट तिथं पुरा करून घेतला होता. वरची माती पावसानं त्या पोकळ्यांत वाहून गेली होती.

मुकादमाला दोष देऊन मी मोकळा झालो असतो. पण तुकडे काढताना तळाशी चार इंची पाईपचं तोंड दिसलं, उघडं. हौदाच्या तळातल्या जाळीपासून पंपापर्यंत येणारा पाईप. तळ तडकवताना जाळी काढली, पाईपचं दुसरं टोक बंद करायचं राहून गेलं. ते काम माझ्या यादीत होतं आणि माझ्याच यादीत राहिलं. हौदाच्या डबरात झिरपलेलं पाणी त्या पाईपमधून उलटं पंपाच्या खड्ड्यात येत होतं. पोकळ्या मुकादमाच्या, पाणी माझं.

पाईप काँक्रीटनं बंद केला, खड्डा मुरूमानं थरथर भरला. मजुरीचे पैसे मी घेतले नाहीत, सरांनी जबरदस्तीनं मुरूमाचे दिले.

स्वयंपाकघराची काच त्या पावसाळ्यात शाबूत राहिली आणि दार सुताराशिवाय लागलं. तेवढ्यावर मी काही बोललो नाही. २०२३ ला ऑगस्ट कोरडाच गेला, उजनी धरणही भरलं नाही, त्यामुळं त्या वर्षीची शाबूत काच म्हणजे कोरी उत्तरपत्रिका. २०२४ ला उजनी ऑगस्टमध्येच भरली. ऑक्टोबरात सरांकडं गेलो तेव्हा खालची पट्टी तशीच होती. वरच्या पट्टीला केसाएवढी एक रेघ होती, टोकापासून अर्ध्यापर्यंत. सरांनी तिच्या शेवटाला पेन्सिलीनं बारीक खूण करून तारीख लिहिली होती, आणि पुढच्या तारखेसाठी जागा मोकळी सोडली होती.